रिसालतचा खराटा

घळ रोज मूठभर खाली उतरते, असं रिसालत आपा म्हणायची. पहाटे दार उघडलं की उंबऱ्यावर लाल वाळू पडलेली असे. आदल्या संध्याकाळी ती तिथे नसे. वरचे कडे वाळूच्याच दगडाचे. वारा त्यांना चाटत राहतो आणि ते दाणा दाणा सुटत राहतात. "आज दीड मूठ," आपा म्हणायची, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला झोप कशी लागली ते शेजारणीला सांगावं तसं. मग कळशीतलं पाणी ओंजळीनं शिंपडायची आणि खराटा उचलायची.

मी अभयारण्याची जुनी गाडी चालवतो. दर शुक्रवारी तिच्यासाठी पीठ, मीठ, गॅसची टाकी आणि आलंच तर एखादं पत्र घेऊन घळीच्या काठावर जायचो. तिथे इंजिन बंद केलं की खालून आवाज यायचा. खर्र, खर्र. समोरचा कडा तोच आवाज परत करायचा, मागचा कडा त्याचा परत करायचा, आणि थोड्या वेळानं कळेनासं व्हायचं की बाई घळ झाडतेय की घळ बाईला. मी कितीतरी वेळ नुसता बसून राहायचो. खाली चहा थंड होतोय हे माहीत असूनही.

होशुर काका माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, आपाचा नवरा. शागान झाडांचा राखणदार. आमच्या गावातल्या प्रत्येक कुदळीला पूर्वी शागानचाच दांडा असायचा. आजोबा त्या झाडांवर कुऱ्हाड चालवून मोठे झाले. पुढे तोड बंद झाली आणि आजोबांचाच मुलगा पहारा द्यायला बसला. माझे वडील त्याला म्हणायचे, "सख्ख्या भावाला एक दांडा देत नाहीस, त्या झाडांशी निकाह लावलायस का?" काका म्हणायचा, "लावलाय. रिसालत सवत आहे." आपा ते ऐकून हसायची आणि त्याच्या वाडग्यातली साय काढून स्वतःच्या वाडग्यात घालायची.

झाडं म्हाताऱ्यांची वस्ती असल्यासारखी उभी होती, नदीच्या वळणापासून लाल कड्याच्या पोटापर्यंत. शहरातले लोक सांगतात, सगळीकडे बर्फ होतं तेव्हा ती या घळीत लपून जगली. कड्यांनी त्यांना पाठीशी घातलं. आम्हाला एवढंच माहीत होतं की त्यांच्या सावलीत उन्हाळा शिरत नाही, आणि शरद संपताना त्यांचं बी पडायला लागलं की आठवडेच्या आठवडे पडत राहतं. एका पंखाचं बी. गरगरत येतं, घाई करत नाही. आपा म्हणायची, त्याला आवाज असतो. मला कधी आला नाही.

सुरुवातीला ती फक्त अंगण झाडायची. मग एका वर्षी सहलीला आलेल्या कुणीतरी शेकोटी न विझवता सोडली. पाला पेटला, तीन झाडं उभ्या उभ्या काळी झाली. होशुर काका तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाला, "पाला म्हणजे दारूगोळा." दुसऱ्या पहाटे आपाचा खराटा अंगणाच्या कडेला थांबला नाही. पहिल्या झाडाखाली गेला. त्या वर्षाखेरीस दहाव्या. काही वर्षांनी ती सगळं बन झाडू लागली, आज हा तुकडा, उद्या तो, आठवड्याभरात परत पहिल्यापाशी. गोळा केलेला पाला तंदूरमध्ये जायचा. त्या पाल्यावर भाजलेल्या नानला एक कडसर वास असायचा. मी आजही दुसरा नान खाताना तो शोधतो. आलेले पाहुणे म्हणायचे, काय स्वच्छ जागा आहे. आपा लाजायची.

मग बावीस वर्षांपूर्वी बर्फ वितळताना घळीच्या टोकाचा कडा सुटला. मूठभर नाही; घराएवढा दगड. होशुर काका त्याच्या पलीकडे होता. चकोराचं घरटं बघायला गेला होता, असं आम्ही मानतो. त्याला गावच्या कबरस्तानात नेलं, पण आपा तो दगड हीच कबर धरून चालली. त्याच्या पलीकडे ती गेली नाही. खराटा दगडापर्यंत यायचा आणि तिथे गालिच्याची कड असावी तसा थांबायचा. तिथून पुढे होशुरचा कोपरा. आम्हीही तिकडे पाऊल टाकत नसू. काकाची नोकरी तिला मिळाली, काकाची टोपी ती हिवाळ्यात घालायची.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण नवरोजच्या आठवड्यात अर्दाक आली.

अर्दाक झाडांचा अभ्यास करणारी. राजधानीतून आलेली, बारीक, सतत काहीतरी मोजत असणारी. मुक्काम गावात, रोज ऊन वर आल्यावर मी तिला घेऊन यायचो. चार दिवस ती झाडांच्या बुंध्यांना फीत लावत फिरली. पाचव्या दिवशी आपाच्या ओसरीवर बसली आणि चहाला हातच लावेना.

"आपा, रागवू नका," ती म्हणाली. "एवढी झाडं आहेत, पण त्यांच्या पायाशी एकही पोर नाही. सगळ्यात लहान झाड माझ्या वडिलांच्या वयाचं आहे."

"मग तुझे वडील अजून जवान असतील. चहा घे. थंड झाला की साय धरते, मग तुम्ही शहरातल्या पोरी ती बोटानं काढता."

"आपा, ही झाडं मरतील तेव्हा मागे कुणीच नसेल."

आपानं नान मोडला, तिच्यापुढे ठेवला. आमच्यात नान मोडल्याशिवाय वाईट बोलत नाहीत. मग म्हणाली, "आता सांग."

अर्दाकनं सांगितलं. वर बांध झाल्यापासून नदी पूर्वीसारखी चढत नाही, हे एक असेल. ससे असतील. पण तिचा जास्त संशय माणसांवर होता. पावलांनी जमीन घट्ट झालीय, ती म्हणाली. मला तिनं बाजूला घेऊन विचारलं, "आब्लिम आका, इथे पाला का नाही? एवढ्या झाडांचा पाला जातो कुठे?"

"घळीत वारा असतो ना," मी म्हणालो.

मी खोटं बोललो नाही. माझ्या मनातच आलं नाही. आपा दिवसभर काय करते असं कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, नान भाजते, फेरी मारते, कुऱ्हाडवाल्यांना शिव्या घालते, आल्यागेल्याची नावं वहीत लिहिते. झाडते, हे सांगितलं नसतं. आमच्या गावात उजाडताना पाणी शिंपडून अंगण झाडत नाही अशी बाई नाही. अंगण झालं की दारापुढचा रस्ता. कुणी त्याला काम म्हणत नाही. माणूस श्वास घेतो हे कोण सांगतं?

एप्रिलच्या सुरुवातीला पत्र आलं. ते मीच नेलं आणि मीच वाचून दाखवलं, कारण आपाची नजर अधू झाली होती. मेअखेर बनात एक तरी नवं रोप सापडलं, तर माणसांच्या वावरानं बिघडत नाही असं धरू. नाही सापडलं तर वीस वर्षं बन बंद. वाट मोडायची, चौकीची झोपडी काढायची, राखणदारानं गावात राहायचं. खाली मोठ्या साहेबांची सही होती. अर्दाकनं शेजारी हातानं लिहिलं होतं, आपा, मला माफ करा.

"परत वाच," आपा म्हणाली.

मी परत वाचलं.

"एकोणचाळीस वर्षं मी इथे आहे. माझ्या वावरानं झाडं वांझ झाली?"

"तुझ्या नाही म्हणत ते. माणसांच्या."

"मग मी कोण, चकोर?"

ती उठली, पत्राची घडी घातली आणि काकाच्या टोपीत ठेवली.

"एकच हवं ना त्यांना? एक तर असेलच रे बालाम, माझ्या लेकरा. एवढ्या मोठ्या घरात एक तरी पोर कुठेतरी लपलेलं असतंच."

त्या दोन महिन्यांत ती शोधत राहिली. गुडघ्यांवर, हातांवर, नाक जमिनीला लागेल इतकी वाकून. अर्दाक एका टोकानं, ती दुसऱ्या. मधूनच हाक मारायची, "पोरी, हे बघ गं!" अर्दाक धावत जायची. काटेरी गवत असायचं, नाहीतर नदीकाठच्या झाऊचं पिल्लू. "नाही आपा." "याची पानं तर तशीच आहेत." "नाही." "नीट बघ, शहाणे. तुझा चष्मा पूस आधी."

आणि नीट दिसावं म्हणून ती त्या दिवसांत दोनदा झाडायची. पहाटे एकदा, अर्दाक गेल्यावर एकदा.

मे महिन्यात घळ तापते. दुपारी कड्यांचे रंग एकमेकांत वितळतात. लाल, गुलाबी, मग भाजलेल्या विटेसारखा, आणि त्यातल्या वाऱ्यानं कोरलेल्या खोबण्या डोळे मिटतात. अशा एका दुपारी आपा ओसरीवर पडली होती आणि तिला रोपं दिसली. तिनं मला नंतर सांगितलं. ती दारात रांगेत उभी होती, गुडघ्याएवढी, पायांना माती लागलेली. तिनं विचारलं, आत का येत नाही? रोपं म्हणाली, तू झाडलंयस, पाय मळलेत आमचे. आपा म्हणाली, या रे, नान खा. ती हलली नाहीत. होशुर त्यांच्या मागे उभा होता आणि टोपीशिवाय होता. मग एक चकोर ओरडला आणि दारात फक्त ऊन उरलं.

"स्वप्नं भुकेनं पडतात," मी म्हणालो. "तू जेवत नाहीस."

"तुझ्या काकाचे कान तुझ्यासारखेच होते," ती म्हणाली. "मोठे. उपयोग शून्य."

शेवटच्या आठवड्यात अर्दाकनं होशुरच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "तिकडे बघितलं का आपण?" मी म्हणालो, तिथे दगड सुटतात, माणूस गेलाय तिथे. तिनं आपाकडे पाहिलं आणि परत विचारलं नाही. ती चांगली मुलगी होती.

तीस मे, शुक्रवार. अर्दाक साहेबांना आणायला गेली होती, मी एकटाच होतो. काठावर इंजिन बंद केलं आणि खालून आवाज आला नाही. मी थांबलो. वारा होता, नदी होती, त्यांच्यामध्ये जिथे तो आवाज असायचा तिथे खड्डा होता. पिठाचं पोतं गाडीतच टाकून मी खाली पळालो.

आपा ओसरीवर बसली होती. अंगण झाडलेलं नव्हतं. उंबऱ्यावर वाळू तशीच. तिच्यासमोर चहाचा वाडगा होता. त्यात चहा नव्हता, माती होती आणि मातीत बोटभर उंचीचं काहीतरी होतं. दोन पानं. टोकाला बियाचा वाळका पंख अजून चिकटलेला, मुलानं टोपी काढायला विसरावं तसा.

"सापडलं!" मी ओरडलो. कड्यानं तीनदा ओरडून दाखवलं.

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "बस."

पहाटे ती होशुरच्या कोपऱ्यात गेली होती. बाकी सगळीकडे बघून झालं होतं, उद्या मुदत संपत होती. दगडाला हात लावून ती थोडा वेळ उभी राहिली, मग पलीकडे गेली. हातात खराटा होता, कारण हातात खराटा असतोच. पलीकडे पाला होता. बावीस वर्षांचा पाला, पोटरीपर्यंत, वर कोरडा, खाली ओला, गोधडीसारखा. आणि त्यातून रोपं उभी होती. काही गुडघ्याएवढी, काही तिच्या खांद्याला लागणारी, दोन तिच्याहून उंच. स्वप्नातल्यासारखी रांगेत नाही; गर्दीनं, एकमेकांवर रेलून. सगळी शागान.

"मला वाटलं मी मेले," ती म्हणाली. "मग वाटलं, नाही, मेल्यावर गुडघे दुखत नसतील."

मग तिनं काय केलं असेल? अर्दाकला दाखवायचं, साहेब येणार, पाहुणे येणार. पाहुण्यांना अशी जागा कशी दाखवायची? तिनं खराटा टेकवला आणि पाल्यातून पहिला हात मारला. त्या एका हाताबरोबर हे वर आलं. वाडग्यातलं. पांढरं मूळ उघडं पडलेलं.

"मी दुसरा हात मारणार होते, बालाम. हात वर गेला होता."

मी वाडग्याकडे बघत होतो. माझ्याही डोक्यात ते हळूहळू उतरत होतं, वाळू उतरते तसं, दाणा दाणा. पाला कुठे जातो? वारा असतो ना.

"मीच," आपा म्हणाली. "नदी नाही, ससे नाही. आधी अंगण, मग थोडंथोडं, मग सगळंच बन. दर पहाटे. तंदूरमध्ये घालून तुला खाऊ घातलं ते."

त्यानंतर मी जे बोललो त्याची मला लाज वाटते, पण बोललो. "आपा, ऐक. तू रोपं दाखव आणि गप्प बस. रोपं सापडली म्हणजे झोपडी राहते, कागदावर तसंच लिहिलंय. उद्यापासून झाडू नकोस म्हणजे झालं. खराटा मी घेऊन जातो."

"आणि तिनं विचारलं, इथेच का आली, तर?"

"वारा म्हणावं."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी. "कान मोठे आणि अक्कल तेवढीच. जा, पीठ आण."

दुसऱ्या दिवशी अर्दाक आली, मोठे साहेबही आले. आपानं त्यांना दगडापर्यंत नेलं आणि स्वतः बाजूला झाली. अर्दाक पलीकडे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं. तिनं आपाला मिठी मारली. साहेब म्हणाले, "झालं तर. झोपडी राहील. आपा, तुम्ही निवांत राहा." त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि पेन काढलं.

मी मनात म्हणालो, आता बोलू नकोस.

आपानं नान आणला. मोडला. चार जणांपुढे चार तुकडे ठेवले. पेन थांबलं, साहेबही आमच्याच भागातले होते, त्यांना कळलं.

"तिथे मी झाडलं नाही," आपा म्हणाली. "बाकी सगळीकडे झाडलं. म्हणून."

अर्दाक तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं बनाकडे पाहिलं, त्या उघड्या, गुळगुळीत, शिंपून शिंपून दाबलेल्या जमिनीकडे, जिच्यावर आदल्या दिवशीपर्यंतचे खराट्याचे फराटे होते, नदीच्या लाटांसारखे एकाआड एक. ती इतके दिवस त्यांच्यावरून चालत होती.

"हे... मला वाटलं वाऱ्याचे आहेत," ती म्हणाली. आणि मग दोन्ही हात तोंडावर ठेवून हसायला लागली, की रडायला, मला सांगता आलं नाही. "आपा, मग झाडू नका ना! एवढंच! तुम्ही राहा, फक्त झाडू नका."

साहेबांनी सही केली. आपानं खराटा माझ्याकडे दिला. मी तो गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. पुढे कित्येक महिने तो तिथेच माणसासारखा बसून होता.

उन्हाळा गेला. मग झाडांची पानं पिवळी झाली आणि पडायला लागली, आणि मागोमाग पंखाचं बी. पहिल्या शुक्रवारी अंगणात पातळ थर होता. दुसऱ्या शुक्रवारी पाय बुडले. आपा ओसरीवर हात मांडीखाली दाबून बसलेली असायची, थंडीनं बसतात तशी.

"पाला किती सुंदर दिसतो," मी म्हणालो.

"तुझ्या डोळ्यात घाल."

पातम आत्या, काकाची बहीण, गावातून माझ्याबरोबर आली. गाडीतून उतरली, वाटेनं खाली आली, आणि अंगणाच्या कडेला उभी राहिली. स्कर्ट दोन्ही हातांनी उचलून, चिखल असल्यासारखी.

"कोण मेलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही गं. ये."

"अंगण तर मयताच्या घराचं आहे. आमच्या आईनं शिकवलं, घरात मयत असेल तेवढे तीन दिवस खराटा उचलायचा नाही. तुझा कितवा दिवस आहे?"

"चाळिसावा केव्हाच गेला."

"लोक मला विचारतात, तुझी वहिनी वेडी झाली का?"

"सांग, झाली."

आत्या शेवटी पाला तुडवत आली, प्रत्येक पावलाला तोबा तोबा करत. आपा तिच्यासाठी वाडग्यात चहा ओतत होती. मध्येच थांबून म्हणाली, "पातम, तुझ्या भावासाठी मी तिकडे बावीस वर्षं झाडलं नाही. तीन दिवस कुठले. बघून ये, काय उगवलंय त्यातून."

आत्या गेली. परत आली तेव्हा बराच वेळ तिनं टोमणा मारला नाही. तेवढं तिच्यासाठी पुष्कळ होतं.

नोव्हेंबरच्या एका शुक्रवारी मी लवकर निघालो होतो. काठावर पोचलो तेव्हा नुकतं फटफटत होतं, पलीकडच्या काठावर हरणांच्या पाठी धुरकट हलत होत्या. इंजिन बंद केलं. खालून आवाज आला. खर्र. खर्र. खराटा तर माझ्या मागे बसला होता.

खाली ती अंगणात वाकलेली होती, पायात काही नाही, डोक्याचा रुमाल हातात. ती रुमालानं झाडत होती. डोळे उघडे होते, पण ज्यांनी ती बघत होती ते डोळे ते नव्हते. दारासमोर नमाजाच्या चटईएवढी जागा स्वच्छ झाली होती, काळी, ओली, काठ सरळ. बाजूला पाल्याचा नीट ढीग, त्यात पंखाचं बी.

"आपा," मी हळूच म्हणालो.

ती थांबली. खाली बघितलं. हातातल्या रुमालाकडे बघितलं.

"मी उठले ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पाणी पण शिंपडलंय बघ."

मी ढीग परत पसरायला वाकलो. तिनं माझा खांदा धरला.

"आज मी रुमाल घेतला. उद्या दगडाच्या पलीकडे जाईन. मला झोप लागली की हे हात मला विचारत नाहीत." ती ओसरीवर बसली आणि पायांची वाळू झटकायला लागली; मग लक्षात येऊन तेही थांबवलं. "जोवर मी इथे आहे तोवर इथे पोर जगणार नाही, बालाम. त्या कागदावर खरंच लिहिलं होतं. चल, गाडी काढ."

"सही झालीय आपा. तुला कुणी काढत नाहीये."

"म्हणून तर मला जावं लागेल."

सामान फार नव्हतं. तव्याएवढी एक पेटी, रजया, काकाची टोपी. वाडग्यातलं रोप तिनं होशुरच्या कोपऱ्यात परत लावलं होतं. ते हिवाळ्यात गेलं. गाडीत ती मागच्या सीटवर खराट्याशेजारी बसली. मी किल्ली फिरवणार तोच म्हणाली, "थांब." मी थांबलो. खालून काहीच आवाज येत नव्हता. तिनं मान हलवली, कुणीतरी काहीतरी बरोबर सांगितल्यासारखी.

आता ती पातम आत्याकडे राहते. पहाटे आत्याचं अंगण, मग गल्ली, मग मशिदीसमोरचं, मग बस थांबते तिथपर्यंत. आत्या ओरडते, "अगं, शेजारणींना काही ठेव!" शेजारणी खूश आहेत. रस्त्याला वाळू नसते. तेवढ्यानं तिला करमत नाही. पहाटे दार उघडून ती आधी उंबऱ्याकडे बघते.

पहिल्या वसंतात बनात काही आलं नाही. अर्दाक म्हणाली, या बियांना दोन हिवाळे लागतात, जमीनही अजून सैल व्हायची आहे. दुसऱ्या वसंतात तिनं मला निरोप दिला. मी शुक्रवारी आपाला गाडीत घातलं. काठावर ती म्हणाली, "हात रिकामे आहेत ना माझे? बघ." मी बघितलं. रिकामे होते.

आपा गेल्यावर बन बंद झालं होतं. वाट मोडली होती, तरी पाय ओळखत होते. झोपडीचं दार पाल्यानं अर्धं बुजलं होतं. आणि अंगणभर, पाल्याच्या थरातून, दोन दोन पानांची रोपं उभी होती. टोप्या घालून. पाऊल टाकायला जागा नाही. आपा कडेलाच थांबली.

दारासमोर मात्र एक चौकोन रिकामा होता. नमाजाच्या चटईएवढा. वर नव्या वर्षाचा पाला होता, पण हिरवं काही नव्हतं. काठ अजून जवळजवळ सरळ होते.

मला वाटलं ती रडेल. ती ते रिकामं बघत राहिली. वरून कड्याची वाळू सुटली, थोडी, सावकाश, आणि पानांवर पडली तेव्हा खरंच आवाज आला.

"अर्दाकला सांग," ती म्हणाली, "तिथे काही लावू नका म्हणावं. तेवढं माझं."